यादी संगणकापेक्षा जास्त टिकली पाहिजे

समजा, मस्कतमधल्या तुमच्या ओळखीच्या दहा घरांनी एकमेकांना मराठी पुस्तकं वाचायला द्यायची ठरवली. कोणतं पुस्तक कोणी नेलं, कधी परत आलं, याची नोंद हवी. तुम्ही सी भाषा शिकताय आणि घरात एक जुना संगणक धूळ खात पडलाय. प्रोग्रॅम त्यावरच चालवायचा आहे. मग नोंदी ठेवायला कोणती डेटाबेस लायब्ररी घ्याल? इथे लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅमला जोडता येणारा तयार कोड म्हणजे लायब्ररी.

माझं मत स्पष्ट आहे: एसक्यूलाइट घ्या.

मायएसक्यूएलसारख्या डेटाबेससाठी वेगळा सर्व्हर सतत चालू ठेवावा लागतो. जुन्या संगणकाची मेमरी आधीच कमी. अंथरूण पाहून पाय पसरावेत! एसक्यूलाइटला सर्व्हर लागत नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेली ही लायब्ररी सी भाषेतच लिहिलेली आहे, एक एमबीपेक्षा लहान आहे आणि कोणालाही फुकट वापरता येते.

कोणी म्हणेल, "डीबीएम त्याहून हलकं आहे." खरंय. केन थॉम्पसन यांनी ते १९७९ साली लिहिलं. पण त्यात एका नावापुढे एक माहिती, एवढंच साठवता येतं. 'महिनाभर पुस्तक कोणी परत केलं नाही?' हे शोधायचं तर सगळा कोड तुम्हालाच लिहावा लागेल. आणि साधी टेक्स्ट फाइल? नुसती यादी असेल तर ती पुरे. पण नोंद बदलत असताना संगणक बंद पडला, तर फाइल अर्धवट राहू शकते. एसक्यूलाइटमध्ये बदल एक तर पूर्ण होतो, नाही तर होतच नाही.

एक अडचण मात्र आहे. जुन्या हार्डडिस्कवर प्रत्येक नोंद वेगळी पक्की केली, तर सेकंदाला काही डझनच नोंदी होतात. त्यावर उपाय सोपा आहे: 'बिगिन' आणि 'कमिट' यांच्यामध्ये शेकडो नोंदी एकदम घाला.

आता सर्वांत मोठं कारण. आखातात घरं बदलत राहतात. आईबाबांची नोकरी संपली की कोणी पुण्याला परततं, कोणी दुबईला जातं. जुना संगणक कोण सोबत नेणार? नोंदी मात्र पुढच्या घराकडे जायलाच हव्यात, नाहीतर कोणाचं पुस्तक कोणाकडे राहिलं ते कधीच कळणार नाही. एसक्यूलाइटचा सगळा डेटा एकाच फाइलमध्ये मावतो. ३२ बिटांच्या संगणकावर केलेली फाइल ६४ बिटांच्या संगणकावर जशीच्या तशी उघडते. २००४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या फाइली आजही चालतात, आणि ही लायब्ररी २०५० सालापर्यंत सांभाळायचा बेत तिच्या निर्मात्यांनी जाहीर केला आहे.

म्हणून लायब्ररी निवडताना 'किती वेगवान?' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'हा संगणक गेल्यावर माझ्या नोंदी कोणाला वाचता येतील?' तुमचं मत वेगळं असेल, तर वर्गात जरूर मांडा. पण कारणासह!