नळाच्या पाण्याचा अहवाल कुणासाठी?

३१ मार्च २०२३ रोजी फुलंब्री पंचायत समितीच्या कार्यालयासमोर गेवराई पायगा गावचे सरपंच मंगेश साबळे यांनी गळ्यात नोटांच्या माळा घालून त्या नोटा रस्त्यावर उधळल्या. शेतकऱ्यांच्या सिंचन विहिरी मंजूर करण्यासाठी पैसे मागितले जातात, असा त्यांचा आरोप होता. त्याची चित्रफीत देशभर फिरली, चर्चा झाली, मग विषय मागे पडला. पण एक प्रश्न उरला. किती अर्ज आले, कोणत्या तारखेला आले, कोणता अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस थांबला, हे प्रत्येक शेतकऱ्याला सहज वाचता आले असते तर? एक तर वाद तिथेच मिटला असता, नाही तर आरोपाला तारखांचा आधार मिळाला असता.

विहिरीची फाइल अडली की निदान कुणी तरी रस्त्यावर येते. पाण्याच्या तपासणीचा अहवाल फाइलीत पडून राहिला, तर कुणी नोटा उधळत नाही. फक्त काही दिवसांनी दवाखान्यातली रांग वाढते. म्हणून स्थानिक कारभारातील खुली माहिती हा विषय जितका पारदर्शकतेचा, तितकाच आरोग्याचा आहे.

फुलंब्री हे तालुक्याचे गाव. छत्रपती संभाजीनगर ते जळगाव रस्त्यावर वसलेले, जिल्ह्याच्या शहराला जवळ आणि म्हणून झपाट्याने वाढणारे. ग्रामपंचायत जाऊन इथे नगरपंचायत आली. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या रखडलेल्या निवडणुका झाल्या आणि प्रशासकांच्या दीर्घ काळानंतर लोकांनी निवडलेली सभागृहे पुन्हा भरू लागली. रस्ते, गटारे, पथदिवे यांवर प्रचारात भरपूर बोलले गेले. नळाच्या पाण्यात काल क्लोरीन किती होते, हा प्रश्न मात्र सहसा कुठल्याच प्रचारसभेत निघत नाही.

गावाचे शहर होताना एक गोष्ट नकळत हातची जाते. ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते. गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो आणि वर्षातून किमान चार वेळा ती भरवावी लागते. तिथे पाणीपुरवठ्याचा हिशेब उभे राहून विचारता येतो. ग्रामीण भागात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जलस्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. ही व्यवस्था सगळीकडे चोख चालते असे नाही. पण प्रश्न विचारायला जागा असते. लाल कार्ड म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही कळते.

नगरपंचायत झाली की ही चौकट मागे राहते. राज्यघटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. फुलंब्रीसारख्या लहान शहरात मतदार आणि सतरा नगरसेवक यांच्यामध्ये ग्रामसभेच्या तोडीचे काहीच उरत नाही. म्हणजे वस्ती वाढली, सांडपाणी वाढले, नळजोडण्या वाढल्या आणि त्याच वेळी विचारायची जागा कमी झाली.

याचा आरोग्याशी असलेला संबंध पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. पोटाच्या संसर्गानंतर हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार एरवी क्वचित दिसतो. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि तपासाचा रोख पाण्याकडे वळला. यातले बरेच भाग कालपर्यंत ग्रामपंचायती होत्या आणि अलीकडेच महापालिकेत आले होते. वस्ती शहराची झाली होती. जलशुद्धीकरणाची सोय तिथवर पोहोचली नव्हती. खुल्या माहितीचे पोर्टल काढणाऱ्या देशातील पहिल्या काही शहरांत पुण्याचे नाव घेतले जाते. म्हणजे नुसते पोर्टल असून भागत नाही. आपल्या नळाला कोणत्या विहिरीचे पाणी येते आणि त्यावर कोणती प्रक्रिया होते, हे त्या वस्तीतल्या माणसाला माहीत असावे लागते.

पाण्यातून होणाऱ्या आजारांत तारखेला फार महत्त्व आहे. दूषित पाणी प्यायल्यावर पटकीची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात. टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ सरासरी चार आठवड्यांनी, तर ‘ई’ची कावीळ बहुधा पाच-सहा आठवड्यांनी दिसते. याचा अर्थ असा, की ज्या दिवशी काविळीचे रुग्ण रांगेत उभे राहतात, त्या दिवशीचे पाणी तपासून फारसे हाती लागत नाही. ते कदाचित स्वच्छही निघेल. शोधायचे असते ते महिन्यापूर्वी काय घडले होते. जलवाहिनी कुठे फुटली होती? दुरुस्ती किती दिवसांनी झाली? त्या आठवड्यात टाकीत टीसीएल पावडर टाकली गेली होती का? ही नोंद तारखेनिशी जपलेली नसेल, तर रोगाचा माग तिथेच संपतो. हिपॅटायटिस ‘ई’ बहुतेकांना बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास पाचांत एक किंवा त्याहूनही अधिक स्त्रिया दगावू शकतात. गटाराशेजारच्या गळतीची नोंद ही अशी कुणाच्या तरी लेकी-सुनेच्या जिवाशी जोडलेली असते.

मराठवाड्यातील अनेक गावांत आणि शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. फुलंब्री तालुक्यात उन्हाळ्यात टँकरही नवे नाहीत. पाणी थांबले की वाहिनीतला दाब जातो आणि जिथे तडा असेल तिथून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. पाणी सुटले की पहिल्या धारेबरोबर ती घराघरांत पोहोचते. त्यामुळे टाकीवर घेतलेला एक नमुना पुरत नाही. वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा नळ तपासावा लागतो. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. ही चाचणी अवघड नाही. नळीतल्या पाण्यात थेंब टाकायचे, रंग बदलतो का पाहायचे आणि तक्त्याशी ताडायचे. काही मिनिटांचे काम. प्रश्न तपासणीपेक्षा पुढचा आहे: तो आकडा जातो कुठे?

तो वर जातो. तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याच्या पोर्टलवर. साथरोगांची माहितीही आरोग्य यंत्रणा नियमितपणे ऑनलाइन भरते. जो माणूस ते पाणी पितो, त्याच्याकडे मात्र तो आकडा परत येत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चे चौथे कलम सांगते, की कार्यालयांनी कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी. ती स्थानिक भाषेत असावी, असेही त्यात आहे आणि प्रसिद्धीच्या साधनांत इंटरनेटबरोबर सूचना फलक आणि जाहीर दवंडीसुद्धा येते. म्हणजे पाण्याच्या टाकीखाली रंगवलेला एक काळा फलकही कायद्याला पुरेसा आहे.

त्या फलकावर पाचच ओळी हव्यात. आजची तारीख, शेवटच्या टोकाच्या नळावरचे क्लोरीन, प्रयोगशाळेच्या शेवटच्या जिवाणू तपासणीचा निकाल आणि तिची तारीख, उघडी असलेली गळती आणि ती कधी कळली, मागच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात आलेले जुलाब आणि काविळीचे रुग्ण, प्रभागनिहाय. फक्त संख्या, नावे नाहीत. रुग्णाचे नाव ही त्याची खासगी बाब आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण प्रभागातील रुग्णसंख्या ही साऱ्या प्रभागाची बाब आहे. एखाद्या प्रभागात एक-दोनच रुग्ण असतील आणि त्यावरून माणूस ओळखू येणार असेल, तर दोन प्रभाग एकत्र दाखवता येतील.

यावर आक्षेप येतात आणि ते अगदीच खोटे नाहीत. लोक घाबरतील, विरोधक भांडवल करतील, कर्मचारी कमी आहेत. पण माहिती दडवल्याने भीती थांबत नाही. ती व्हॉट्सअ‍ॅपवरून दुप्पट होऊन फिरते. ‘तीन रुग्ण, गळती दुरुस्त, पाणी उकळून प्या’ असे लिहिलेले असेल तर लोक पाणी उकळतात. खरा धोका वेगळाच आहे. वाईट आकडा लिहिणाऱ्यालाच नोटीस मिळू लागली, तर फलकावर कायम चांगलेच आकडे दिसतील. वर्षाचे ३६५ दिवस क्लोरीन अचूक आणि रुग्ण शून्य, अशी वही पाहिली की साथरोगाच्या अभ्यासकाला समाधानाऐवजी शंका येते. खऱ्या नोंदीत वाईट दिवस असतातच. म्हणून जाब विचारायचा तो वाईट आकड्याबद्दल नव्हे, त्यानंतर दुरुस्तीला लागलेल्या वेळाबद्दल. आकड्याची खातरजमा म्हणून महिन्यातून एकदा प्रभागातील दोन नागरिकांसमोर चाचणी व्हावी आणि त्यांची सही वहीत असावी.

आणखी एक अडचण आहे. रुग्णांचे प्रमाण काढायला लोकसंख्या लागते. शेवटची जनगणना २०११ची. पुढची गणना २०२७ मध्ये व्हायची आहे. दरम्यान फुलंब्रीसारख्या शहरांच्या कडेने नव्या वसाहती उभ्या राहिल्या. जुन्या लोकसंख्येने भागले तर प्रमाण फसवे निघते. तोवर नगरपंचायतीकडील घरपट्टी आणि नळजोडण्यांच्या नोंदी वापरून प्रभागाचा अंदाज तरी बांधता येईल. ही माहिती कार्यालयात आधीपासूनच असते. करवसुलीपलीकडे तिचा उपयोग व्हायला हवा.

नव्या सभागृहापुढे मोठ्या योजना येतील, निधीच्या मागण्या होतील. या फलकाला मात्र खडू, ओलसर फडके आणि रोज सकाळी दहा मिनिटे देणारा एक कर्मचारी एवढेच लागते. पावसाळ्यात पहिली जलवाहिनी फुटेल, त्याच्या आधी तो टाकीखाली लागलेला असावा.