इंग्लिश येतं? मग शिकवून दाखव!

'तुझं इंग्लिश सही आहे यार. जा ना बाहेर कुठेतरी शिकवायला!' कॉफी पिता पिता मैत्रिणीने फेकलेला हा सल्ला मी जरा जास्तच मनावर घेतला. डिग्री आहे, पासपोर्ट आहे, बोलताना अडखळत नाही. अजून काय लागतं? बरंच काही लागतं, बॉस!

पहिला दणका दिला तो पासपोर्टनेच. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-टू व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्यासाठी एक खिडकी किलकिली झाली, पण ती शिक्षकाचं लायसन्स असणाऱ्यांसाठी. आमच्याकडे मास कॉमची डिग्री! म्हणजे माझं इंग्लिश कुणी ऐकण्याआधीच निकाल लागला. दोन दिवस मी फुगून बसले.

मग थायलंड दिसलं. तिथल्या शाळांमध्ये भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक शिकवतात. पदवी हवी, नॉन-इमिग्रंट बी व्हिसा हवा, वर्क परमिट हवं. बी.एड. वगैरे नसेल तर तिथल्या शिक्षक परिषदेची तात्पुरती सूट घ्यावी लागते. आपण 'नॉन-नेटिव्ह', म्हणून टोइकसारख्या परीक्षेचा स्कोअरही मागतात. एका एजंटने मला मेल केला, 'टुरिस्ट म्हणून या, पेपर्सचं नंतर बघू.' असं काही वाचलं की लॅपटॉप बंद करायचा! पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं बेकायदा आहे. पकडलं तर परत पाठवणार ते आपल्याला, एजंटला नाही.

आता कोर्सचा फंडा क्लिअर करून घ्या. केंब्रिजचा सेल्टा हा साधारण १२० तासांचा कोर्स. त्यातले सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि ट्रेनर बसून तुमच्या चुका लिहिणार. ट्रिनिटीचा सर्टटेसॉलही याच तोडीचा. नेटवर '१२० तास' असंच लिहून स्वस्तात विकले जाणारे कोर्सही ढीगभर आहेत. आकडा तोच, पण बऱ्याच ठिकाणी समोर विद्यार्थी एकही नाही. व्हिडिओ बघून पोहायला शिकण्यासारखंच ते! मी खिसा चाचपत सेल्टाच निवडला, ऑनलाइन. सहा महिन्यांच्या लेखांचं मानधन त्यात गेलं.

पहिला तास. स्क्रीनवर आठ चेहरे. एका तुर्की विद्यार्थिनीने विचारलं, ''आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यांत फरक काय?' मी तोंड उघडलं… आणि मिटलं. रोज बोलतो ते सांगता येईना! काहीतरी गोलगोल बोलले आणि 'अंडरस्टूड?' असं विचारून टाकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश! नंतर ट्रेनरने शांतपणे सांगितलं, 'समजलं का' हा प्रश्नच बाद. भिडेखातर विद्यार्थी 'हो' म्हणतातच. त्याऐवजी विचारायचं, 'तो कधी जेवला ते कळतंय का? त्याला आता भूक असेल का?'

त्या रात्री आईने हाक मारली, 'जेवायला ये गं!' मी बाहेरून खाऊन आले होते. आतूनच ओरडले, 'जेवलेय मी!' आणि ट्यूब पेटली. 'काल एक वाजता जेवले' आणि 'जेवलेय मी'. पहिल्यात वेळ महत्त्वाची, दुसऱ्यात आत्ताचं भरलेलं पोट! जे कोर्सच्या जाड पुस्तकात शोधत होते, ते आमच्या स्वयंपाकघरात सापडलं.

मराठी मीडियमचा न्यूनगंड मी कॉलेजपासून घेऊन फिरतेय. पार्टीत उच्चार चुकेल म्हणून गप्प बसलेय. पण इंग्रजी ज्याने नियम घोकून, चुकतमाकत कमावलंय, त्याला विद्यार्थी नेमका कुठे अडकेल हे आतून कळतं. पुढच्या तासाला मी रिकामं ताट काढून दाखवलं. तुर्की मुलगी हसली आणि बरोबर वाक्य बोलली. मला तेवढं पुरलं.

तुमच्याही डोक्यात हा किडा वळवळत असेल, तर कागद आधी हलवा. पदवीचं अटेस्टेशन आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग त्या देशाच्या वकिलातीकडून, असा प्रवास असतो. पोलिस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवा केंद्र गाठायचं. थाई शाळा मेच्या मध्यात उघडतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये भरतीची धावपळ असते. फेब्रुवारीत जागे झालात तर उशीर झालाच म्हणून समजा.

माझं काय झालं? तीन शाळांनी 'ओन्ली नेटिव्ह स्पीकर्स' म्हणून कटवलं. चौथीने पुढच्या आठवड्यात डेमो क्लास मागितलाय. विषय त्यांनीच दिलाय : भूतकाळ. थाई भाषेत काळानुसार क्रियापदाचं रूप बदलतच नाही. म्हणजे या वेळी 'जेवलेय मी' कामाला येणार नाही.

काही सुचलं तर कळवा!