‘आता हलू नका’ हा उपचार नाही

सोनोग्राफीत पोटातली महाधमनी फुगलेली दिसली, की ‘आता हलू नका’ असं सांगून मोकळं होणं मला मान्य नाही. धारणीच्या शेतकऱ्याने घरी बसून खायचं काय? आणि बसल्याने फुगा कमी होतो का? नाही.

ही धमनी साधारण २ सेंमी रुंद असते. ३ झाली की फुगा, पुरुषांत ५.५ ला, स्त्रियांत थोडं आधीच, शस्त्रक्रियेचा विचार होतो. फुगा लहान आणि रक्तदाब आटोक्यात असेल, तर बोलता येईल इतक्या वेगाने रोज चाला. श्वास कोंडून सोयाबीनचं पोतं मात्र उचलू नका.

बंद करायचीच तर विडी करा. तिच्याने फुगा लवकर वाढतो. पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली, तर लगेच १०८ ला फोन लावा.