पुढची तारीख

बँकेत असताना माझ्या टेबलावर एक ड्यू डेट डायरी असे. कुणाचा हप्ता कधी, कुणाचा विमा कधी संपतो, कुठल्या कर्जाचे कागद कधी मुदतबाह्य होतात, सगळं तिच्यात. खोपोलीच्या कारखानदारापासून कशेळ्याच्या भातशेतकऱ्यापर्यंत कुणाचाही हप्ता चुकला की आठ दिवसांत स्मरणपत्र जाई. त्यालाही दाद दिली नाही तर आम्ही जीप काढून दारात हजर. अशी तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा सांभाळणाऱ्या मला स्वत:ची एक तारीख सांभाळता आली नाही. २०१४ साली माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशन. पहिली तीन वर्षं तपासणीला नेमानं गेले. त्यानंतर सलग दोन वर्षं गेलेच नाही.

कारणं होती. एका वर्षी शाखेचं इन्स्पेक्शन, दुसऱ्या वर्षी सुनेचं बाळंतपण. खरं कारण भीतीचं. फाईल कपाटात साड्यांच्या मागे ढकलली होती आणि गेलं नाही तर काही निघणारच नाही, असा एक पोरकट हिशेब मनात होता. उपचार चालू असतात तेव्हा घर तुमच्याभोवती गोळा झालेलं असतं. ते संपले की सत्यनारायण होतो, पेढे वाटले जातात, आणि आजारही संपला असं सगळे मिळून ठरवून टाकतात. ‘बरी झालीस ना, आता कशाला उकरून काढतेस?’ हे सासूबाईंनी अगदी मायेनं म्हटलं होतं. मलाही ते ऐकायचंच होतं.

ही तपासणी म्हणजे असतं तरी काय? पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा डॉक्टर तुम्हाला विचारतात, काही नवीन दुखतंय का, खोकला, दम, वजन? मग हातानं तपासतात. ऑपरेशनची जागा, दुसरी बाजू, काखा, मान. वर्षातून एकदा मॅमोग्राफी. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर तिनं लगेच सांगायचं. दुसऱ्या प्रकारच्या काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, तेव्हा हाडांची घनता मोजायची. त्रास काही नसेल तर बहुतेकींच्या बाबतीत एवढंच.

‘एवढंच?’ असं आमच्या डोंबिवलीच्या एका नातेवाईक बाईंनी विचारलं होतं. त्या दर सहा महिन्यांनी हट्टानं सगळ्या अंगाचा स्कॅन करून घेतात, वर रक्तातले मार्कर. पैसा त्यांचा, मी कोण बोलणार? पण १९९४ साली इटलीतले दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. प्रत्येकात हजाराहून जास्त बायका होत्या. निम्म्यांची नुसती हातानं तपासणी आणि मॅमोग्राफी, निम्म्यांना शिवाय ठरावीक काळानं हाडांचे स्कॅन, छातीचे फोटो वगैरे. आयुष्य कुणाचंच वाढलं नाही. दूर पसरलेला आजार लक्षणांआधी सापडला म्हणून बाई जास्त जगते असं दिसलं नाही. मात्र ऑपरेशनच्या जागी किंवा दुसऱ्या बाजूला नवी गाठ आली असेल, तर ती लहान असताना सापडण्यात फार मोठा फरक आहे. तिथे साधा हात आणि साधी मॅमोग्राफीच कामाची. आणि पाच वर्षं झाली की सुटलो, असंही नाही. हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात आजार पंधरा-वीस वर्षांनीही परतलेला आहे.

आमच्या शाखेत झाडलोट करणाऱ्या मावशी खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या. माझ्यानंतर दोन वर्षांनी त्यांनाही हेच निघालं. सरकारी योजनेतून मुंबईत उपचार नीट झाले. नंतर त्यांनी जाणं सोडलं. मी रागावले (स्वत: दोन वर्षं बुडवलेली बाई!), तर म्हणाल्या, ‘ताई, एक दिस जायाचं म्हंजे पोराचा खाडा, माझा खाडा, दोघांचं भाडं. आन डॉक्टर दोन मिंटं हात लावून म्हनतो, ठीक हाय. ठीक हाय ऐकायला येवढ्या लांब कशाला जाऊ?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. लावणीच्या दिवसांत त्यांना व्रणाजवळ भाताच्या दाण्याएवढं काही लागलं. त्यांनी ते दिवाळीनंतर सांगितलं. तोवर आजार यकृतात गेला होता. वेळेवर गेल्या असत्या तर वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण त्या दाण्यावर जाणता हात आधी फिरला असता.

खोपोलीहून कर्जत, कर्जतहून दादर, मग परळ. जाऊन येऊन अख्खा दिवस. रेल्वेच्या सवलतीच्या नियमांत कर्करुग्णाला आणि सोबत्याला ‘उपचार किंवा नियतकालिक तपासणी’साठी सवलत आहे, म्हणजे रेल्वेलासुद्धा हे जाणं उपचाराइतकंच वाटतं. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातही आम्हाला बसता येतं. फक्त धडधाकट दिसणाऱ्या बाईनं तिथे चढून पाहावं, नजरांनीच खाली उतरवतात.

माझं म्हणणं साधं आहे. मॅमोग्राफीसाठी वर्षातून एकदा मुंबईला जाऊ. पण विचारपूस आणि हातानं तपासणी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, चौकच्या ग्रामीण रुग्णालयात का होऊ नये? टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून बायकांची स्तनतपासणी करून घेतली. अभ्यासात दीड लाखाहून जास्त बायका होत्या. २०२१ साली निष्कर्ष आले, पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. त्या निरोगी बायका होत्या, आमची गोष्ट निराळी. पण शिकवलेला हात काय करू शकतो ते तर दिसलं! काही शंकास्पद लागलं तरच मुंबईची चिठ्ठी द्यावी. आणि तिथे एक रजिस्टर असावं. बाई तारखेला आली नाही, तर आशाताईनं तिच्या घरी जावं. दहा हजारांच्या पीक कर्जासाठी आम्ही जात होतोच की.

रजिस्टर येईल तेव्हा येईल. तोवर मी जुनी डायरी पुन्हा काढली आहे. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या अकरा जणींच्या तारखा तिच्यात आहेत, बारावी माझी. आठ दिवस आधी फोन करते. नेरळची एक माझा आवाज ऐकला की ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवते. मी पुन्हा लावते.