या शनिवारी घरात एकच पडदा लावा

रात्री नऊच्या सुमाराला आपल्या घरांत काय चित्र असतं ते सांगायला नको. हॉलमध्ये मालिका चालू आहे, पण बघणारी आजी एकटीच. आतल्या खोलीत मुलगी कानात इअरफोन घालून कोरियन मालिका बघते आहे. धाकटा मोबाइलवर दुसऱ्याच कुणाचा तरी गेम बघतो आहे. बाबा बातम्या चाळतायत आणि आई ओटा आवरता आवरता रील बघते आहे. भांडण कुणाचंच नाही, सगळे घरातच आहेत. तरी जेवण, क्लास आणि बिलं सोडून या पाच माणसांत आज काय बोलणं झालं, असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

मोबाइल काढून घेऊन हे सुटत नाही. तसं केल्यावर घरात फक्त रुसवा येतो. माझी विनंती त्याहून साधी आहे. महिन्यातल्या एका शनिवारी सगळ्यांनी मिळून एक चित्रपट पाहा, त्या चित्रपटाला शोभेल असं काहीतरी एकत्र खा, आणि चित्रपट संपल्यावर अर्धा तास कुणी उठू नका.

हा अर्धा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पैसा, आजारपण, जात, म्हातारपण हे विषय आपल्या घरांत समोरासमोर काढता येत नाहीत. काढले की आवाज चढतो किंवा कुणीतरी उठून जातं. पण पडद्यावरच्या घराबद्दल बोलायला कुणाला संकोच वाटत नाही, आणि त्या घराबद्दल बोलता बोलता माणूस कधी आपल्या घरावर येतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

सुरुवातीला ‘एलिझाबेथ एकादशी’ घ्या. परेश मोकाशींचा २०१४ सालचा हा चित्रपट पंढरपुरात घडतो आणि त्याला मुलांसाठीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. वडील गेलेले. आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. हप्ते थकतात, मशीन जप्त होतं, आणि ते सोडवायला वडिलांनी स्वतः जुळवलेली सायकल विकायची वेळ येते. एलिझाबेथ हे त्या सायकलचं नाव. ती वाचवण्यासाठी ज्ञानेश आणि त्याची बहीण ऐन कार्तिकीच्या यात्रेत, आईच्या नकळत, मित्रांना घेऊन बांगड्यांचं दुकान थाटतात. आठ वर्षांच्या मुलालाही गोष्ट कळते आणि ऐंशीच्या आजीलाही.

त्या दिवशी स्वयंपाक उपवासाचा करा, तिथी कुठलीही असो. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, काकडीची कोशिंबीर. साबुदाणा चार-पाच तास आधी भिजवायला हवा, म्हणजे दुपारीच मुलांना हाताशी घेता येतं. एकाने दाण्याचा कूट करावा, एकाने रताळी सोलावीत. खिचडी गार झाली की चिवट होते, म्हणून जेवण चित्रपटाच्या आधी उरकून घ्या. मध्यंतराला राजगिऱ्याचे लाडू पुरतात. शेवटी चुरमुरे-बत्तासे वाटले तर मुलांना पंढरपूरच्या यात्रेतून आल्यासारखं वाटेल.

मग प्रश्न. इथे मोठी माणसं घाई करतात. पडदा काळा झाला रे झाला की बाबा विचारतात, “काय शिकलात यातून?” या प्रश्नाने मुलं गप्प होतात, कारण तो परीक्षेतला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बाबांना आधीच ठाऊक आहे. त्याऐवजी ज्याचं उत्तर तुम्हालाही पक्कं माहीत नाही असं काहीतरी विचारा. त्या आईच्या जागी तू असतीस तर सायकल विकली असतीस का? मुलांनी आईला न सांगता दुकान मांडलं, ते तुला पटलं का? सगळ्यात लहान माणसाला आधी बोलू द्या आणि कर्त्या माणसाने सगळ्यांत शेवटी बोलावं. कर्ता माणूस आधी बोलला की बाकीच्यांची मतं तिथेच मिटतात.

आणि तुमची पाळी आली की खरं बोला. हा चित्रपट पैशाच्या तंगीबद्दल आहे. त्यातल्या मुलांना घराची परिस्थिती पुरती ठाऊक आहे, आणि आपल्या घरातल्या मुलांनाही ती ठाऊक असते. फोनवरचे हप्त्यांचे मेसेज ती वाचतात, दाराआडचं बोलणं ऐकतात, आणि आपल्याला कुणी सांगत नाही म्हणजे काहीतरी भयंकरच असणार असं मनाशी ठरवून बसतात. घरकर्जाचा हप्ता केवढा आहे, या वर्षी सहल का जमणार नाही, हे शांतपणे सांगितलं तर दहा वर्षांचं मूलही समजून घेतं. अशा वेळी आजी-आजोबांना विचारायला विसरू नका. फीसाठी पाटल्या गहाण ठेवल्याची, वाण्याच्या उधारीच्या वहीची, दुष्काळातल्या सुकडीची गोष्ट बहुतेक घरांत असते, आणि नातवंडांनी ती ऐकलेली नसते. कमीपणा वाटतो म्हणून ती सांगितली जात नाही. पण आपल्या माणसांनी हे निभावून नेलं, एवढं कळणंसुद्धा मुलांना आयुष्यभर पुरतं.

आता स्वयंपाकघराबद्दल, आणि हे मी आग्रहाने सांगते. घरातली बाई ओट्यापाशी भजी तळत उभी असेल आणि बाकीचे आत चित्रपट बघत असतील, तर तो बेत करूच नका. “तुम्ही बघा, मला आवाज येतोय,” असं आई म्हणते आणि सगळे ते मान्य करतात. मान्य करू नका. पदार्थ असे निवडा की चित्रपट सुरू होण्याआधी गॅस बंद झालेला असेल आणि भांडी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तशीच पडली तरी चालतील. ताटं वाढणं, पाणी भरणं, मागचं आवरणं ही कामं घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी आधीच वाटून घ्यावीत. आई सोफ्यावर बसलेली नसेल तर चित्रपट सुरू करायचा नाही, असा नियम करा आणि तो पाळा.

याच कारणासाठी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा दुसऱ्या महिन्याचा चित्रपट असावा असं मला वाटतं. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा उभा केला त्याची ही गोष्ट. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात तो लागला. त्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट किती होते हे घराघरांत माहीत असायला हवं. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत, त्याखेरीज फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून घेत, आणि अंगावरचे दागिनेही या कामी गेले. तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ते केलं. रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा. सगळं घरच एका वेडापायी कामाला लागलेलं. त्या रात्री विचारा: आपल्या घरात कुणाचं वेड आपण सगळ्यांनी मिळून उचललं, आणि कुणाचं उचललं नाही? उत्तरं ऐकायला धीर लागेल.

त्याआधी मुलांसाठी एक उद्योग आहे. पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले होते. महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म उघडून त्यांनी वेल वाढतानाचा छोटा चित्रपट बनवला. महिनाभर आधी कुंडीत वाटाणे लावा, मोबाइल रोज एकाच जागी ठेवून एक फोटो काढायला मुलांना सांगा, आणि मुख्य चित्रपटाच्या आधी घरचा चित्रपट दाखवा. जेवायला अर्थातच वाटाण्याची उसळ आणि पाव.

आजारपणासाठी ‘श्वास’. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘श्यामची आई’नंतर तो मान मराठीला पन्नास वर्षांनी मिळत होता. कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. निदान कर्करोगाचं. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल, आणि हे त्या मुलाला आधी सांगायला हवं असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. आजोबांना ते सांगवत नाही. आपल्याकडे आजार लपवण्याची रीत किती खोल आहे, ते आठवून पाहा. “आईला कळू देऊ नका,” “मुलांची परीक्षा होऊ दे, मग सांगू.” या रीतीमागे माया असते, हे मी नाकारत नाही. पण ज्याचा आजार आहे तोच माणूस घरात एकटा पडतो, हेही तितकंच खरं. चित्रपटानंतर प्रत्येकाला एवढंच विचारा: मला असं काही झालं तर मला सांगावं की सांगू नये? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे कुणी विचारतच नाही, आणि त्यांची उत्तरं बहुधा आपल्या अंदाजापेक्षा वेगळी आणि स्पष्ट असतात. जेवायला मऊ वरण-भात, तूप, लिंबू. त्या दिवशी तेवढंच बरं.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा कुणावर उपचार चालू असतील, तर हा चित्रपट आत्ता नको. मूल दत्तक घेतलेलं असेल तर दत्तक मुलाची गोष्ट सांगणारा ‘नाळ’ लावण्यापूर्वी आई-बाबांनी तो दोघांनीच बघावा. खरं तर कोणताही चित्रपट घरातल्या एका मोठ्या माणसाने आधी पाहिलेला असावा. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून यू/ए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आले आहेत, त्याची मदत होते. पण आपल्या घरातल्या माणसाला कुठे दुखेल हे प्रमाणपत्र देणाऱ्यांना कळू शकत नाही.

मुलं आठवी-नववीत गेली की ‘फँड्री’ दाखवा. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाभोवती मात्र खाण्याचा थाट करू नका. गावात डुकरं धरायला जुंपलेला जब्या आणि ते बघून हसणारं गाव, हे समोर चालू असताना हातात खाऊची वाटी असणं मला योग्य वाटत नाही. आधी साधं जेवून घ्या. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट बघणाऱ्याच्या दिशेने येतो. त्यानंतर घरात कुणी लगेच बोललं नाही तर बोलायला लावू नका. काही घरांना त्या हसणाऱ्या गावात आपण दिसू. काही घरांतल्या आजोबांनी जब्यासारखे दिवस स्वतः काढलेले असतील आणि नातवाला ते कधी सांगितलं नसेल. पहिल्या घरात मुलांना विचारा की वर्गात कुणाला आडनावावरून चिडवतात का, आणि तेव्हा तू काय करतोस. दुसऱ्या घरात काय बोलायचं हे मी सांगू नये. ते आजोबा ठरवतील.

दरवेळी विषय जड असावा असं मुळीच नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, आणि आजही त्यातले संवाद पडद्यावरच्या माणसाच्या आधी घरातली माणसं म्हणतात. त्या दिवशी भेळ करा आणि पोटभर हसा. हसून झाल्यावर भाड्याच्या खोल्यांचा विषय आपोआप निघेल: लग्नानंतर कुठे राहिलो, घरमालक कसा होता, एका खोलीत किती जण झोपायचे. आजोबा गावाकडचे असतील तर त्यांना जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाबद्दल विचारा, जमिनीवर बसून, शेंगा आणि गोडी शेव खात पाहिलेल्या चित्रपटांबद्दल. पुढच्या खेपेला तीच गोडी शेव आणून ठेवा.

मुलगा-सून परदेशात असतील तर त्यांनाही बसवता येतं. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात लंडनला दुपारचे साडेतीन आणि न्यू जर्सीला सकाळचे साडेदहा झालेले असतात. दोन्हीकडे चित्रपट एकाच वेळी सुरू करायचा, संपला की व्हिडिओ कॉल लावायचा. तिकडच्या नातवंडांना मराठी भराभर कळत नसेल तर सबटायटल असलेली प्रत शोधा, आणि चित्रपट पैसे भरूनच बघा. असे लहान मराठी चित्रपट त्यावरच तगतात.

इथे सांगितलेले चित्रपट, ‘बनवाबनवी’ सोडला तर, दोन तासांच्या आत संपतात. साडेसातला जेवण आणि सव्वाआठला चित्रपट धरला तरी बोलायला वेळ उरतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचे असतील तर आई-बाबांनी आधी ठेवावेत. बोलणं रंगलं नाही तर ओढून ताणून रंगवू नका. पहिल्या खेपेला दहा मिनिटांत सगळे उठले, तरी दुसऱ्या खेपेला बसा. पुष्कळदा खरं वाक्य तीन दिवसांनी, भाजी निवडताना किंवा गाडीवर मागे बसलेलं असताना, अचानक येतं. ते आलं की हातातलं काम थांबवून ऐका.

आणि एकदा तुम्ही चित्रपट निवडलात की पुढच्या महिन्याची निवड घरातल्या सगळ्यात अबोल माणसाकडे सोपवा. त्याने अडीच तासांचा मारधाडीचा दाक्षिणात्य चित्रपट लावला तरी नाक मुरडू नका. तो पूर्ण बघा, त्याला त्यात काय आवडतं ते मनापासून विचारा, आणि त्या रात्री काय खायचं तेही त्यालाच ठरवू द्या.