निवृत्तीची तारीख आणि बाजाराची लहर

निवृत्त माणसाला शेअरबाजारात यश लाभले, तर ते कौशल्याचे फळ की दैवाचे दान? हा प्रश्न सुखवस्तूंच्या गप्पांचा वाटेल. परंतु नोकरदाराच्या म्हातारपणाची भाकरी बाजाराशी बांधली गेली, तेव्हापासून तो राजकीय प्रश्न झाला आहे. केंद्राने सैन्यदले वगळता १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांचे निश्चित निवृत्तिवेतन बंद केले व त्यांच्या अंशदानाची पुंजी रोखे-शेअर्सच्या बाजारावर सोपवली.

कौशल्याला काहीच अर्थ नाही, असे नव्हे. कर्ज काढून शेअर्स न घेणे, सारी पुंजी एका कंपनीत न अडकवणे, वायद्यांच्या जुगारापासून दूर राहणे, हे शहाणपणच होय. सेबीच्या २०२४ मधील पाहणीनुसार शेअर्सच्या वायदेबाजारात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तीन वर्षांच्या हिशेबात तोट्यात गेल्या. परंतु शहाणपण मूर्खपणाचा तोटा टाळते. काळ निवडण्याचे सामर्थ्य देत नाही. रेवसचा नाखवा तिथीवरून उधाण आणि भांग सांगू शकतो, कारण समुद्राला नियम आहे. रेवसहून लाँचने भाऊचा धक्का आणि तेथून दलाल स्ट्रीट गाठावा, तर तेथल्या भरती-ओहोटीला मात्र पंचांग नाही.

सारी पुंजी शेअर्समध्ये ठेवलेली, सारख्याच बुद्धीची दोन माणसे घेऊ. एक ३१ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाला; त्या दिवशी सेन्सेक्स सुमारे ४०,७०० होता. दुसरा ३१ मार्चला निवृत्त झाला. तेव्हा तो २९,५०० च्या खाली होता. दोन महिन्यांत चौथ्या भागाहून अधिक पुंजी वितळली. निवृत्तीचा महिना जन्मतारीख ठरवते. मग यात कर्तबगारी कोणाची?

यावर उत्तर मिळते की, दुसऱ्याने धीर धरायचा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सेन्सेक्स ५०,००० च्या वर गेलाच! हे खरे आहे. परंतु धीर धरायला घरात दुसरे उत्पन्न लागते. ज्याला दरमहा पुंजी मोडूनच चूल पेटवायची असते, तो पडत्या भावात अधिक शेअर्स विकतो आणि बाजार सावरेपर्यंत त्याच्या हाती थोडेच उरतात. ज्याला आपण गुंतवणुकीचे कौशल्य म्हणतो, ते पुष्कळदा थांबण्याची ऐपत असते. ती मालमत्तेतून येते, अभ्यासातून नव्हे.

मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांच्या संपाने हेच सांगितले. पुढे १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी दिली. ही त्या सत्याची उशिरा दिलेली कबुलीच आहे.

परंतु संघटितांना हमी मिळाली, एवढ्यावर समाजवाद्यांनी समाधान मानू नये. मच्छीमार बोटीवरच्या खलाशाला ना निवृत्तीची तारीख, ना पुंजी. एकट्या माणसाला न पेलणारी काळाची जोखीम सर्व पिढ्यांनी वाटून घेतली, तरच ती हलकी होते. हे काम शासनाचे आहे. प्रत्येक श्रमिकाला महागाईशी निगडित, निश्चित वृद्धापवेतन मिळाले पाहिजे. त्यावर कोणी शेअर्स घ्यावेत, खुशाल घ्यावेत. म्हातारपणाची भाकरी मात्र कोणाच्या नशिबावर सोडता कामा नये.