पानाची डावी बाजू आणि व्यायामानंतरची भूक



गेल्या पंधरवड्यात चिंचवडहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांचे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्यांमध्ये आयुष्यभर काम करून ते निवृत्त झाले. आता रोज पहाटे निगडीच्या दुर्गा टेकडीवर तासभर चालतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी शिजवलेले अन्न आणि दूध दोन्ही वर्ज्य केले. टेकडी उतरल्यावर दुधी भोपळ्याचा रस, दुपारी फळे आणि काकडी-गाजर, रात्री पुन्हा फळे व मूठभर मोड आलेले मूग, असा त्यांचा नेम आहे. अंग हलके वाटते, पोट साफ राहते, साखरही उतरली, असे ते समाधानाने सांगतात. सूनबाईंना मात्र वेगळेच दिसते. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ सैल होऊन खाली घसरते, आणि खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागतो. चालून आल्यावर त्यांनी नेमके काय खावे, एवढेच त्यांनी विचारले आहे. प्रश्न साधा दिसतो. पण त्यात एका वृद्धाच्या पायांतील बळ पणाला लागले आहे. म्हणून आजचा हा लेख त्या प्रश्नासाठीच.

प्रथम व्यायामानंतर शरीरात काय घडते ते पाहू. चालताना, विशेषतः चढावर, स्नायूंतील साठवलेली साखर खर्च होते आणि घामावाटे पाणी व क्षार जातात. स्नायूंच्या तंतूंची किंचित झीज होते. ती भरून निघताना स्नायू बळकट होतो. परंतु त्या डागडुजीसाठी प्रथिने मिळाली पाहिजेत. तरुणाच्या शरीराला थोड्या प्रथिनांचाही इशारा पुरतो. साठीनंतर मात्र स्नायू त्या इशाऱ्याला सहज दाद देत नाहीत. त्यांना एका वेळच्या जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळाली, तरच ते कामाला लागतात. इंधन आणि पाणी फळांतून मिळते. प्रथिने त्यांतून जवळजवळ मिळत नाहीत. एका केळ्यात जेमतेम एक ग्रॅम असते. दुधीच्या रसात त्याहूनही कमी. म्हणजे रोज टेकडी चढायची आणि वर केवळ रस-फळे घ्यायची, यात झीज होत राहते आणि भरपाई होत नाही. घड्याळ घसरते ते यामुळे.

दिवसभराचा हिशेब असा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला साठ ते बहात्तर ग्रॅम. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र हा आकडा स्वतःच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

हे सारे कच्च्या, वनस्पतिजन्य आहारातून साधेल काय? कागदावर काही अंशी साधते. तीस ग्रॅम शेंगदाणे रात्रभर भिजवले तर सात-साडेसात ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या मुगांना मोड आणले तर सुमारे सात ग्रॅम. पंधरा ग्रॅम तिळांतून अडीच-तीन. थोडे ओले खोबरे आणि एक केळे मिळून दोन. बेरीज एकोणीसच्या आसपास जाते. परंतु हे सगळे एका बैठकीत चावून खायचे, तेही कवळी सांभाळून, आणि दिवसातून तीनदा! शिवाय कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. मोड आणल्याने ते काहीसे कमी होतात, उष्णतेने बरेच कमी होतात. त्यामुळे पानात दिसणारी प्रथिने आणि अंगी लागणारी प्रथिने यांत अंतर पडते.

या बाबतीत आपल्या जवळचाच एक अनुभव उद्‌बोधक आहे. महात्मा गांधींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मोठ्या निष्ठेने केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवी पाने, लिंबू, मध असा तो आहार होता. काही महिन्यांत अशक्तपणा आला, आमांशाने गाठले आणि त्यांनी प्रयोग थांबवला. ते त्यांनी जाहीरपणे लिहिलेही. पुढे १९४२ मध्ये येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. तिच्यात रोज थोडी कच्ची पालेभाजी खावी असा आग्रह आहे; पण शाकाहाराला दुधाची जोड हवी, हेही अनुभवान्ती आले आहे असे ते मान्य करतात. १९४६ मध्ये ज्यांच्या प्रेरणेने उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, त्यांचाच हा निष्कर्ष आहे. निसर्गोपचारावर श्रद्धा असलेल्या ज्येष्ठांना आपले म्हणणे पटले नाही, तरी गांधीजींचा हा प्रामाणिकपणा कदाचित पटेल.

आता आपल्या पानाकडे पाहा. मराठी घरात पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला आणि भाजी, आमटी उजव्या बाजूला, असा रिवाज आहे. आपल्या पूर्वजांनी कच्च्या अन्नाला पानात मानाची जागा दिली. सगळे पान मात्र त्याला दिले नाही. त्या डाव्या बाजूत शहाणपण भरलेले आहे. कोशिंबिरीत दाण्याचे कूट घालतात, ते केवळ चवीसाठी नव्हे; काकडीत जे नाही ते कूट पुरवते. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ म्हणजे भिजवून भरड वाटलेली, न शिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि कैरी. तीस ग्रॅम डाळीतून सहा ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात आणि कैरीतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. तिळाची चटणी, खोबरे-शेंगदाण्याची चटणी, ओल्या नारळाचे दडपे पोहे हे सारे दातांना फारसा त्रास न देणारे पदार्थ आहेत. व्यायामानंतरच्या खाण्यासाठी परदेशी भुकटीचे डबे आणण्यापूर्वी ही बाजू नीट वाढून पाहावी.

परंतु कच्चे खाताना पाणी आणि स्वच्छता यांचा विचार आधी करावा लागतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले, हे आपण विसरलेलो नाही. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून व अर्धवट शिजलेल्या अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला. पाणी उकळून प्या, उघड्यावरचे व कच्चे अन्न टाळा, असे तेव्हा सर्वांना सांगण्यात आले. मोडांच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. कारण ज्या उबेत आणि ओलीत मोड फुटतात, त्याच उबेत जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जंतुसंसर्गात पन्नासहून अधिक माणसे दगावली. म्हणून साठीपुढच्या व्यक्तींनी मोड पाच-दहा मिनिटे वाफवूनच खावेत. बाकी फळे-भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून, शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने धुवाव्यात. मिठाच्या पाण्यात बुडवले म्हणजे जंतू मेले, असे समजू नये. चिरलेली फळे व तयार रस बाहेरून आणू नयेत.

दुधीच्या रसाविषयी स्वतंत्र सांगणे आवश्यक आहे. दुधी कधी कधी कडू निघतो आणि त्या कडवटपणामागे विषारी द्रव्य असते. अशा रसाने आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दिलेला सल्ला सोपा आहे. रस काढण्यापूर्वी दुधीची चकती चाखावी. किंचितही कडू लागली तर सगळा दुधी टाकून द्यावा. दुसऱ्या रसात मिसळून कडवटपणा झाकू नये. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटदुखी सुरू झाल्यास घरगुती उपाय करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. त्याचप्रमाणे राजमा, सोयाबीन, वाल ही कडधान्ये आणि अळूची पाने कच्ची कधीही खाऊ नयेत.

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. टेकडीवरून आल्यावर दहा-पंधरा मिनिटे बसावे, एक-दोन पेले पाणी सावकाश प्यावे. मग एक केळे किंवा पपईच्या फोडी आणि भिजवलेले मूठभर दाणे. दात नसल्यास दाण्यांचे कूट करून. तास-दीड तासात भरीव न्याहारी: वाफवलेले मूग, त्यात कूट, खोबरे, कोथिंबीर, लिंबू, सोबत तिळाची चटणी. येथवर कच्च्याचा नेम जवळजवळ पाळला जातो. याला वाटीभर घट्ट दही किंवा मुगाचे धिरडे जोडता आले तर प्रथिनांचा आकडा सहज गाठला जातो. दूध नकोच असेल तर दुपारच्या जेवणात घट्ट वरण, उसळ, शिजवलेली सोयावडी यांना स्थान द्यावे. घटका-पळे मोजत खाण्याची आवश्यकता नाही. दिवसाची बेरीज आणि तिन्ही वेळची वाटणी अधिक महत्त्वाची आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी औषधांकडेही लक्ष द्यावे. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना आहार एकदम घटला, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. ‘साखर उतरली’ ही आनंदाची बातमी असेलच असे नाही. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसल्यास, माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि औषधाची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. शहाळे, केळी यांत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाची काही औषधे असल्यास विचारूनच घ्यावे. रक्त पातळ करणारे वॉरफेरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. आणि ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळतच नाही, असे धरून चालावे. मेटफॉर्मिन व आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्याची आणखी कमतरता होते. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे ही वयाची लक्षणे म्हणून सोडून न देता रक्ततपासणी करावी.

घरच्या घरी एक चाचणीही करता येईल. नेहमीच्या उंचीची, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायला सांगा, आणि आपण शेजारी उभे राहा. बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागला, अथवा हात न टेकता उठताच आले नाही, तर स्नायूंचे बळ ओसरत आहे असे समजून डॉक्टरांना भेटावे.

पत्र पाठवणाऱ्या ताई, आपल्या सासऱ्यांचे चालणे सुटू देऊ नका. तीच त्यांची खरी कमाई आहे. त्यांच्या व्रताशी वादही घालू नका. डॉक्टरांची भेट या आठवड्यातच ठरवा आणि तोवर टेकडीची चढण थोडी कमी करायला सांगा. त्यांना खुर्चीची ती चाचणी स्वतःच करून पाहू द्या. ज्या हातांनी वर्षानुवर्षे यंत्रे चालवली, त्या माणसाला मोजमापाची भाषा लगेच कळते. मग उद्या सकाळी ते परतले की कोशिंबीर, डाळ, चटणी त्यांच्या आवडीप्रमाणे डावीकडे वाढा आणि उजवीकडे वाफवलेल्या मुगांची एक वाटी शांतपणे ठेवा. ती वाटी रिकामी झाली की आम्हाला जरूर कळवा.